काळी दोनपासून पाच रेषांपर्यंत

'एपी म्युझिक थिअरी' ही अमेरिकेतील हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी कॉलेज बोर्ड घेत असलेली परीक्षा. तिचा अभ्यासक्रम महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षातील संगीतशास्त्राच्या तोडीचा असतो. परीक्षा दर मे महिन्यात होते आणि निकाल १ ते ५ अशा श्रेणीत लागतो. वरची श्रेणी मिळाल्यास अनेक विद्यापीठे श्रेयांक देतात किंवा विद्यार्थ्याला थेट पुढच्या वर्गात बसू देतात. याबाबत प्रत्येकाचा नियम वेगळा. परीक्षेत वाद्य वाजवून दाखवायचे नसते. कानांनी ऐकलेले कागदावर उतरवणे, कागदावरचे पाहून गाणे आणि दिलेल्या बेसवरून किंवा कॉर्डच्या खुणांवरून नियमाप्रमाणे चार आवाज मांडणे, अशी ही तिहेरी कसोटी आहे.

ज्या मराठी घरांत मुलांच्या हाती लहानपणीच तानपुरा किंवा पेटी आली, तिथे या परीक्षेचा प्रश्न थोडा वेगळा होतो. अशा मुलाचे संगीताचे शिक्षण सात-आठ वर्षे झालेले असते, पण ते दुसऱ्या पद्धतीचे. त्यामुळे शिकवणीचे शिक्षक शोधताना आधी दोन गोष्टींचा हिशेब मांडावा लागतो: त्याला काय येते आणि काय येत नाही.

काय येते, हे कळण्यासाठी ते कुठून आले हे पाहायला हवे. परदेशातील मराठी वस्त्यांत शास्त्रीय गायन टिकले ते मुख्यतः घरगुती वर्गांमुळे. शनिवार-रविवारी बेसमेंटमध्ये सतरंजी अंथरली जाते, एखाद्या ताई पेटी पुढे ओढतात, आणि नोकरी-संसार सांभाळून उरलेल्या वेळात यमन, भूप, दुर्गा शिकवले जातात. गणेशोत्सवात मंडळाच्या मंचावर जे नाट्यपद ऐकू येते, त्यामागे अशी कित्येक वर्षांची बैठक असते. मोठ्या संस्थाही उभ्या राहिल्या. उस्ताद अली अकबर खाँ यांनी १९६७ साली कॅलिफोर्नियात संगीत महाविद्यालय सुरू केले. पं. जितेंद्र अभिषेकी यांचे शिष्य महेश काळे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात राहून शिकवतात. तरी पाया घातला तो घराघरांतील या वर्गांनीच.

या वर्गांना शिस्त लावण्याचे मोठे काम अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांनी केले. कुरुंदवाडला जन्मलेले आणि मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेले पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. १९३१ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर शिष्यांनी मंडळ स्थापन केले. प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि अलंकार अशी ही शिडी आहे. पहिल्या पायऱ्यांवर केवळ प्रत्यक्ष गायन-वादन असते; पुढे लेखी परीक्षाही येते आणि त्यात थाट, वादी-संवादी, स्वरलिपी, ताल, संगीतकारांची चरित्रे हे सारे लिहावे लागते. परदेशातही या परीक्षांची केंद्रे आहेत. म्हणजे 'शास्त्राचा पेपर' ही कल्पना अशा मुलाला नवी नसते.

त्याची सर्वांत मोठी शिदोरी म्हणजे कान. हिंदुस्थानी पद्धतीत षड्ज हलता असतो: ज्याची जी पट्टी, तो त्याचा सा. बाकीचे स्वर त्या सा पासूनच्या अंतराने ओळखायचे. पाश्चात्त्य शिक्षणात 'मूव्हेबल डो' नावाने जी सवय मुद्दाम लावावी लागते, ती इथे पलटे घोटताना आपोआप लागलेली असते. अंतरे ओळखण्याच्या प्रश्नांत हे थेट कामी येते. सा-प म्हणजे परफेक्ट फिफ्थ, सा-म म्हणजे परफेक्ट फोर्थ, सा-शुद्ध ग म्हणजे मेजर थर्ड, भैरवातला सा-कोमल रे म्हणजे मायनर सेकंड. सा पासून तीव्र मध्यमापर्यंतचे जे अंतर इतरांना चकवते, ते यमन गाणाऱ्याच्या ओळखीचे असते.

पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी रूढ केलेल्या दहा थाटांचाही असाच उपयोग होतो. युरोपातील मोडपैकी सहा थाटांच्या स्वरांशी तंतोतंत जुळतात: बिलावल म्हणजे आयोनियन, काफी म्हणजे डोरियन, भैरवी म्हणजे फ्रिजियन, कल्याण म्हणजे लिडियन, खमाज म्हणजे मिक्सोलिडियन आणि आसावरी म्हणजे एओलियन. भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी यांना तिथे जोडीदार नाही. मायनर स्केलचे तीन प्रकार पाठ करताना वर्गातील मुले गोंधळतात. आसावरी थाट, कीरवाणी आणि पटदीप यांचे स्वर ज्याच्या गळ्यात आहेत, त्याला अनुक्रमे नॅचरल, हार्मोनिक आणि चढता मेलॉडिक मायनर वेगळे शिकवावे लागत नाहीत. फक्त नावे सांगावी लागतात.

आता जे येत नाही ते. पहिली अडचण लिपीची. पाच रेषा, ट्रेबल आणि बेस क्लेफ, की सिग्नेचर हे सगळे नवे असते. 'काळी दोन'मध्ये, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीला सा धरून, गाणाऱ्या मुलीला आपली पट्टी पियानोवर दाखवता येते, पण ती कागदावर डी शार्प म्हणून मांडत नाहीत, तीन फ्लॅट लावून ई फ्लॅट मेजर म्हणून मांडतात, हे शिकावे लागते. एकाच पट्टीला दोन नावे आणि कुठले नाव कधी, याला परीक्षेत महत्त्व आहे. सी हा सा धरला तर, आपल्याकडे कोमल पंचम नावाचा स्वरच नसल्याने, एफ शार्प आणि जी फ्लॅट यांतला भेद प्रथम निरर्थक वाटतो.

दुसरी अडचण खोल आहे, ती हार्मनीची. रागसंगीत एका सुरावटीच्या विस्ताराचे. या परीक्षेचा मोठा भाग चार आवाजांनी एकत्र कसे चालावे याचा. सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बेस हे अठराव्या शतकातील युरोपीय वळणाने मांडायचे, कॉर्डना रोमन अंक द्यायचे, फिगर्ड बेसवरून वरचे आवाज भरायचे. इथे तयार कानही फसवतो. तानपुऱ्यात सा आणि प अखंड सोबत असतात, त्यामुळे दोन आवाज पंचमाच्या अंतराने बरोबर सरकले तर मुलाला ते गोडच लागते. परीक्षेत मात्र 'पॅरलल फिफ्थ' ही चूक धरली जाते आणि गुण कापले जातात.

तालाचे काम त्यामानाने हलके. सहा मात्रांचा दादरा पाठ असेल तर सहा-आठच्या कंपाउंड मीटरची चाल लवकर बसते. सम आणि खाली यांचे आवर्तन तिथे नसते, पण मात्रा मोजण्याची सवय उपयोगी पडते.

हा हिशेब झाला की शिक्षकाचा शोध सोपा होतो. अशा मुलाला कान तयार करून देणारा नको, हार्मनी हातात बसवून देणारा हवा. पहिली चौकशी शाळेतील बँड, ऑर्केस्ट्रा किंवा कॉयरच्या शिक्षकांकडे करावी; शाळेत हा विषय शिकवला जात असेल तर तो तेच शिकवत असण्याची शक्यता मोठी. त्यानंतर जवळच्या विद्यापीठातील संगीत विभागाचे पदव्युत्तर विद्यार्थी. पियानोशिक्षक हवा असल्यास १८७६ मध्ये स्थापन झालेल्या म्युझिक टीचर्स नॅशनल असोसिएशनच्या सभासदांची यादी पाहता येते. सहसा कोणाच्या लक्षात येत नाही असा एक पर्याय म्हणजे चर्चमधील ऑर्गनवादक. चार आवाजांची भजने दर रविवारी वाजवणाऱ्याला व्हॉइस लीडिंग हा पुस्तकातला धडा राहिलेला नसतो. कॅनडात टोरांटोच्या रॉयल कन्झर्व्हेटरीच्या आणि ब्रिटनमध्ये एबीआरएसएमच्या थिअरी परीक्षांची तयारी करून घेणारे शिक्षक असतात. त्यांची पायाभरणी पक्की असते, मात्र एपीच्या प्रश्नांचा घाट त्यांना वेगळा पाहून घ्यावा लागतो.

शिक्षक निवडण्यापूर्वी एक तास बसून पाहावे. कॉलेज बोर्ड मागील वर्षांचे दीर्घोत्तरी प्रश्न आणि गुणदानाचे निकष प्रसिद्ध करते. मुलाने सोडवलेला असा एखादा प्रश्न शिक्षकाला तपासायला द्यावा. गुण कुठे आणि का गेले हे जो नेमके सांगतो, त्याला परीक्षा ठाऊक आहे. दुसरी कसोटी पियानोची: सुरावट वाजवून लिहून घेणे आणि कॉर्डमधला बेस वेगळा ऐकवणे त्याला जमले पाहिजे. तिसरी सर्वांत महत्त्वाची. मूल ऐकलेले आधी 'सा रे ग' मध्ये पुटपुटत असेल, तर शिक्षकाने ते थांबवू नये. ऐकून सरगम, सरगमवरून स्केल डिग्री आणि मग कागद, हा रस्ता लांबचा दिसला तरी त्या मुलासाठी तोच जवळचा. पाहून गाण्याच्या प्रश्नात सूर आणि लय तपासतात, उच्चारलेल्या अक्षरांना गुण नसतात, आणि सुरावट आपल्याला सोयीच्या पट्टीत गाण्याचीही मुभा असते. अलीकडच्या प्रश्नपत्रिकांत गाण्यापूर्वी तयारीला ७५ सेकंद मिळतात. तेवढ्यात सा पक्का धरणे हीच निम्मी तयारी.

वर्षाची आखणी शाळा उघडतानाच करावी. परीक्षेची नोंदणी शाळेच्या एपी समन्वयकामार्फत शरद ऋतूतच होते. शाळेत हा विषय नसला तरी परीक्षेला बसता येते, फक्त बसू देणारी शाळा आधी शोधावी लागते. डिसेंबरपर्यंत लिपी, स्केल आणि कॉर्ड. जानेवारी ते मार्च चार आवाजांचे लेखन. एप्रिलमध्ये घड्याळ लावून जुने प्रश्न. आठवड्याला एक शिकवणी पुरते, पण ऐकून लिहिण्याचा सराव रोज पंधरा मिनिटे हवा. गांधर्वच्या परीक्षांची सत्रे साधारण एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशी असतात. एपीच्या वर्षी उन्हाळ्याचे सत्र सोडून हिवाळ्याचे धरल्यास दोन्हींची ओढाताण होत नाही. या वर्षात ताईंकडचा वर्ग बंद करण्याची चूक मात्र टाळावी, कारण परीक्षेतील कानाच्या अर्ध्या कामाचा रियाज तिथेच होत असतो.

शिकलेले पुढे वर्गातही परतते. परदेशात वाढणाऱ्या अनेक मुलांना देवनागरी वाचायला वेळ लागतो, त्यामुळे भातखंडे पद्धतीने लिहिलेली बंदिश त्यांच्यासमोर मुकी राहते. एपी केलेला मोठा विद्यार्थी तीच बंदिश पाच रेषांवर उतरवून धाकट्यांपुढे ठेवू शकतो. उतरवताना त्याच्या हे लक्षात येते की स्वर आणि मात्रा कागदावर बसतात. दरबारीतल्या गांधाराचे आंदोलन, दोन स्वरांमधली मींड काही बसत नाही. ती जागा रिकामी सोडून खाली 'ताईंकडून ऐकून घेणे' एवढे लिहावे लागते.