रोगकारकता : जीवाणूचा गुण की संबंधाचे फलित?

रॉबर्ट कॉख यांच्या कसोट्यांनी रोगजंतू ओळखण्याची शिस्त दिली. परंतु रोगकारकता हा जीवाणूचा अंगभूत गुण होय, ही समजूतही दृढ केली. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीनंतर मुंबईत उद्भवलेली लेप्टोस्पायरोसिसची साथ तिची अपूर्णता दाखविते. उंदराच्या मूत्रपिंडात सहसा निरुपद्रवी राहणारा लेप्टोस्पायरा माणसाच्या जखमी त्वचेतून शिरल्यास प्राणघातक ठरू शकतो. कासादेवाल व पिरोफ्स्की यांनी १९९९ मध्ये संसर्गित शरीराच्या हानीस केंद्रस्थान दिले, ते यथार्थ होय. तथापि लेप्टोस्पायरा बायफ्लेक्सा ही प्रजाती रोगकारक नाही. म्हणजेच जीवाणूची क्षमताही नाकारता येत नाही. मोहोपाडा परिसरातील भातखाचरांत अनवाणी उतरणाऱ्या शेतकऱ्याच्या संदर्भात तिसरा घटक पुढे येतो, तो परिस्थितीचा. व्याख्येतून तो वगळल्यास प्रतिबंधाचा विचार केवळ औषधापुरताच उरतो.