राजुलची मेंदी

आमच्या जाऊबाई दशलक्षणात बसदीत म्हणायला गाणी करतात. बहुतेक सिनेमाच्या चालीवर. शब्द नवे, पण मूळचंच गाणं आधी ओठावर येतं. ती मला आवडत नाहीत, त्यांनाही ठाऊक आहे.

राजुलचं गाणं मात्र वेगळं. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बसदी नेमिनाथांची, त्यामुळे ही कथा आमच्याकडे पोरीबाळींनाही पाठ. कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून नेमिनाथ वरातीतून परतले, की इतरांची गाणी त्यांच्यामागून गिरनार चढतात. जाऊबाईंचं गाणं राजुलच्या मेंदीपाशीच थांबतं. चाल त्यांच्या आईच्या जात्यावरच्या ओवीची.

"हे कुठून सुचलं?"

"धाकटीचं लग्न मोडलं, तेव्हा तिचे हात मीच धूत बसले होते गं."

शेवटचं कडवं तेवढं वैराग्याच्या उपदेशाचं, उगीच जोडलेलं. काढा म्हटलं, तर म्हणाल्या, "मग बसदीत कोण म्हणू देईल?"