मुक्ता साळवे यांचा निबंध कुठल्या प्रकरणात ठेवाल?

सिनॉप्सिस लिहायला बसलं की काही वाक्यं आपोआप उतरतात. माझ्या पहिल्या खर्ड्यात मुक्ता साळवे यांच्यावर असंच एक वाक्य होतं: साल, शाळेचं नाव, 'पहिला आवाज' हे विशेषण आणि पूर्णविराम. गाइडनी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारून विचारलं, "निबंध वाचलाय का?" मी वाचला नव्हता. त्याच्याविषयी मात्र बरंच वाचलं होतं. या दोन गोष्टींत किती अंतर आहे, ते आज सांगते.

आधी थोडक्यात माहिती. मुक्ता साळवे ही पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी, साधारण १४ वर्षांची मुलगी. 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' या मिशनऱ्यांच्या नियतकालिकात दोन भागांत छापून आला.

आपण संशोधक या निबंधातून बहुतेक वेळा काय उचलतो? छळाचे प्रसंग. पेशवाईत तालीमखान्यासमोरून जाणाऱ्याचं मुंडकं उडवून त्याचा चेंडू केला जाई, इमारतींच्या पायात माणसं पुरली जात, बायका उघड्यावर बाळंत होत, हे सगळं निबंधात आहे. ते आपण 'साक्ष' म्हणून वापरतो. पण नीट बघा, या सगळ्या विधानांची जात एक नाही. पेशवाई १८१८ मध्ये संपली. म्हणजे तालीमखान्याची गोष्ट मुक्ताने पाहिलेली असणं शक्य नाही, ती समाजाच्या स्मृतीतून तिच्यापर्यंत आलेली आहे. छप्पर नसलेल्या घरातलं बाळंतपण, किंवा दगड लागून जखम झाली तरी तक्रार न करणारी मुलं, हे मात्र तिच्या अवतीभवतीचं वर्तमान आहे. दोन्ही महत्त्वाचं, पण दोन्ही एकाच पद्धतीने वाचता येत नाही. एक तुम्हाला समाजाने काय लक्षात ठेवलं ते सांगतं, दुसरं १८५५ सालचं रोजचं जगणं.

याहून मोठी चूक पुढे आहे. साक्षी गोळा करण्याच्या नादात आपण निबंधातला युक्तिवाद सोडून देतो. आणि तो युक्तिवाद वाचनाविषयीच आहे! मुक्ताचं म्हणणं माझ्या शब्दांत असं: वेद फक्त ब्राह्मणांचे आहेत, असं तेच म्हणतात. ठीक आहे. मग वेदाप्रमाणे वागणं हे त्यांचं काम. आम्हाला तर ते पुस्तक बघायचीही मोकळीक नाही. म्हणजे आम्हाला धर्मपुस्तकच नाही, आम्ही धर्मरहित आहोत. मग आमचा धर्म कोणता, ते देवा, तूच सांग.

या मांडणीत ती समोरच्याचंच गृहीतक घेते आणि त्याच्या शेवटापर्यंत नेते. पुस्तक नाकारलं, तर त्या पुस्तकाची सत्ताही आमच्यावर कशी चालणार? वाचनबंदी हे फक्त तिच्या दुःखांपैकी एक दुःख नाही, तिच्या तर्काचा तो पाया आहे.

आता 'रिप्रेझेंटेशन' या शब्दाकडे येऊ, कारण तो तुमच्या प्रस्तावात असणारच. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९८८ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात या शब्दाचे दोन अर्थ वेगळे केले: कुणाच्या वतीने बोलणं आणि कुणाचं चित्र उभं करणं. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द असल्याने गोंधळ होतो. आपल्याकडे 'प्रतिनिधित्व' आणि 'चित्रण' असे दोन सरळ शब्द आहेत, ते वापरा. मुक्ता दोन्ही करते. मांग-महारांच्या वतीने बोलते आणि त्यांचं जगणं दाखवते. शिवाय तिसरी गोष्टही करते: ती विचार मांडते. आपल्या थिसिसमध्ये नेमकी ही तिसरी गोष्ट गळते. स्पिवाक 'सैद्धांतिक चौकट' या प्रकरणात जातात आणि मुक्ता 'पार्श्वभूमी'त. कोण विचार करतं आणि कोण फक्त सोसतं, याची वाटणी आपण अनुक्रमणिकेतच करून टाकतो.

व्हायवात एक प्रश्न हमखास येईल: मिशनऱ्यांच्या पत्रात छापलेला, फुल्यांच्या शाळेतल्या मुलीचा निबंध, मग हा तिचाच आवाज कशावरून? प्रश्न योग्य आहे, त्याला टाळू नका. मिशनऱ्यांना हिंदू धर्मावरची टीका हवीच होती आणि निबंधात इंग्रज सरकारची स्तुतीही आहे. ते लपवलंत तर तुमचं वाचन कच्चं ठरेल. पण प्रश्न सगळ्यांना सारखाच विचारा. लोकहितवादींची 'शतपत्रे' भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर'मध्ये छापून आली. तिथे संपादकाचा हात किती, हे आपण किती वेळा विचारतो? मध्यस्थी दोन्हीकडे आहे, संशय मात्र एकीकडेच. मध्यस्थी होती म्हणून युक्तिवाद कुणा दुसऱ्याचा ठरत नाही, तो कुठल्या वाटेने आपल्यापर्यंत आला एवढंच कळतं.

मी शेवटी काय केलं? ती एक ओळ काढली आणि निबंध पद्धतीच्या प्रकरणात घेतला. 'ग्रंथावर हक्क कुणाचा' हा माझ्या संशोधनाचा प्रश्नच मुळात तिच्याकडून आला, हे तिथे स्पष्ट लिहिलं. त्यासाठी आख्खं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं आणि दोन महिने गेले.

तुम्हाला एवढंच सांगते. निबंध छोटा आहे, एका बैठकीत वाचून होतो. वाचताना दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. एकीने 'काय घडलं' ते अधोरेखित करा, दुसरीने 'म्हणून काय' ते. मग आपल्या सिनॉप्सिसमधली तिच्यावरची ओळ काढून बघा, तिच्यात दुसऱ्या रंगाचं काही उतरलंय का.