अंतर भागिले वेग : पण कोणते अंतर, कोणता वेग?

माध्यमिक शाळेच्या गणितात विमानाचे एक उदाहरण हमखास भेटते. दोन शहरांतले अंतर दिलेले, विमानाचा ताशी वेग दिलेला; प्रवासास किती वेळ लागेल? भागाकाराच्या सरावापुरते ते ठीकच आहे. आमची तक्रार एवढीच की, शहरांची नावे खरी घ्यायची आणि पृथ्वी, हवा, विमानतळ यांना मात्र उदाहरणात शिरू द्यायचे नाही, यामुळे मुले भूगोल आणि भौतिकी दोन्ही चुकीची शिकतात.

मुंबई-दिल्ली घ्या. सरळ हवाई अंतर सुमारे १,१४० किलोमीटर. ताशी ८५० किलोमीटर वेगाने ते एक तास वीस मिनिटांत संपावे. वेळापत्रकात दोन तासांहून अधिक दिसतात. तो वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, खाली उतरणे, आणि गर्दी असेल तर घिरट्या, हे सारे त्यात आले.

खरी गंमत लांबच्या प्रवासात आहे. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्को किती दूर? भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून हे कळणार नाही. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरा; तो सैबेरिया ओलांडून आर्क्टिक महासागराच्या काठापर्यंत चढतो. हे किमान अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर भरते. एअर इंडियाचे विमान पूर्वी पश्चिमेकडून, अटलांटिकवरून जाई. तो मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरचा. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेले गेले. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झाले, पण वेळ सुमारे दोन तासांनी घटून साडेचौदा तासांवर आला! भागाकार करून पाहा : सरासरी वेग ताशी १,०५५ किलोमीटर येतो. विमानाचे इंजिन तेच. पाठीशी होता तो जेट स्ट्रीम, म्हणजे सुमारे दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोराचा वारा.

येथे वर्गात एक शंका हटकून निघते. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेकडे निघालेल्या विमानाला गाव आपणहून सामोरे यायला नको का? नको, कारण हवाही जमिनीबरोबर फिरत असते. विमान हवेत उडते. जमिनीच्या तुलनेत ती हवा कुठे चालली आहे, एवढाच प्रश्न उरतो. पाठ्यपुस्तकातले उदाहरण ही शंका निघूच देत नाही, हा आमच्या मते त्याचा सर्वांत मोठा दोष.

शिवाय आकाशालाही हद्दी असतात. २०१९ मध्ये फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचे आकाश बंद होते, तेव्हा दिल्लीहून युरोपकडे जाणारी विमाने वळसा घेऊन जात. शहरे जागची हलली नव्हती, प्रवास मात्र लांबला.

मग उदाहरण गाळायचे का? मुळीच नाही, थोडे बदलायचे. मुंबई-लंडन अंतर ७,२०० किलोमीटर धरा. हवेतला वेळ जाताना ९ तास, येताना ८ तास माना. दोन्ही वेळा वारा सारखाच असेल, तर विमानाचा हवेतला वेग किती आणि वाऱ्याचा किती? उत्तरे ८५० आणि ५० येतात. वारा कोणत्या दिशेने वाहत होता, हे मुलांनाच विचारावे.