बोबडेपणा कोणाचा?

लहान मुलाच्या बोलण्याला आपण हसतो तेव्हा नेमके कशाला हसतो? बालमनाचे चित्रण समोर आले की आपल्या समीक्षेला 'निरागस' हे विशेषण पुरते. प्रस्तुत लेखकाला ते विशेषण मुलावर अन्याय करणारे वाटते.

'भू भू', 'मम्मं', 'बाऊ', 'भूर जाणे', 'गाई करणे' हे शब्द मुलाने घडवलेले नाहीत. मोठ्यांनी मुलांसाठी राखून ठेवलेले ते पिढीजात शब्दधन आहे. अशोक केळकर यांनी १९६४ साली मराठीतील या बालबोलीचे शास्त्रशुद्ध वर्णन केले. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतील अशा बोलींची तुलना केली, तीतही मराठी होती. म्हणजे ज्या बोबड्या बोलांचे आपण कौतुक करतो त्यांतील बराच भाग प्रौढांच्या मालकीचा आहे. मूल स्वतः घडवते ते 'करलं'. 'बसलं', 'भरलं', 'उठलं' यांवरून त्याने नियम काढलेला असतो, आणि तो चोख असतो. नियम मोडते ती 'केलं' म्हणणारी भाषा.

याहून अर्थपूर्ण गोष्ट लिंगव्यवस्थेत दिसते. थोरल्या भावाच्या मागे मागे फिरणारी मुलगी 'मी जातो' म्हणते. दिवसभर आईजवळ असलेला मुलगा 'मी येते' म्हणतो. घर हसते. त्या मुलाला आईसारखे बोलणे आणि आपले बोलणे यांत अंतर असते हेच अजून ठाऊक नसते. ते त्याला प्रथम कळते ते या हसण्यातून. आणि त्याच घरातली आई मुलीला 'काय रे, जेवलास का?' असे विचारते, तापाने फणफणलेल्या नातवाविषयी आजी 'झोपलं बिचारं' म्हणते. व्याकरण दोन्हीकडे मोडलेले आहे. पण मुलाचे मोडणे ही चूक ठरते आणि मोठ्यांचे मोडणे ही माया. (मुलीवरची माया पुल्लिंगातच का उमटावी, हा प्रश्न स्वतंत्र लेखाचा आहे, त्याचे उत्तर फारसे सुखावह असणार नाही.) जे सांगायचे आहे त्याला हाती असलेली भाषा अपुरी पडणे, हा अनुभव मुलाचा जितका तितकाच आजीचाही आहे. हसू आणि गहिवर दोन्ही या अपुरेपणातून येतात. निरागसतेचा तिथे संबंध नाही.

साहित्यकृतीकडे वळताना म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा लागतो की, हा अपुरेपणा लेखक राहू देतो की भरून काढतो? 'श्यामची आई'मध्ये (१९३५) मोठा झालेला श्याम आश्रमातील सोबत्यांना बालपण सांगतो. लहान श्यामला जे उमगले नसेल ते मोठ्या श्यामला उमगलेले आहे, आणि ते तो सांगूनही टाकतो. त्या कृतीचे सामर्थ्य त्यातच आहे, परंतु मुलाचे बोलणे तिथे प्रौढाच्या पहाऱ्यात असते.

प्रकाश नारायण संत यांचा लंपन 'वनवास'पासून (१९९४) स्वतःच बोलतो. आईवडिलांपासून दूर, सीमाभागातील गावी आजीआजोबांकडे राहणाऱ्या या मुलाजवळ भावनांची नावे नाहीत. त्याच्याजवळ 'मॅड' हा एक शब्द आहे आणि अवाढव्य आकडे आहेत. आनंद, भीती, सुमीविषयीची ओढ, सारे त्या शब्दात कोंबले जाते. जे तोलता येत नाही ते तो मोजतो. वर्गात हा मजकूर वाचला की हशा पिकतो. एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, 'सर, पण तो स्वतः कुठे हसतोय?' त्यानंतर तो भाग शिकवताना मला पूर्वीची सहजता उरली नाही. लंपनच्या दृष्टीने ते आकडे म्हणजे अतिशयोक्ती नव्हे, अचूकतेचा प्रयत्न आहे.

तथापि एक नोंद करणे भाग आहे. चौथ्या पुस्तकापर्यंत, म्हणजे 'झुंबर'पर्यंत (२००२) येताना वाचक त्या शब्दाची वाट पाहू लागलेला असतो. काही ठिकाणी 'मॅड' लंपनला दुसरा शब्द सापडत नाही म्हणून येतो, की आपल्याला तो ऐकायचा आहे म्हणून, अशी शंका येते. दुसरे कारण खरे असेल, तर तेवढ्या जागी लंपनच्या तोंडीही आपलेच बोबडे बोल आलेले आहेत.