तेल, उशीर आणि दार : दहा कुमारींच्या दृष्टांताचे एक वाचन

शाळेत नीतिपाठाच्या तासाला मी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली. नवरदेवाला सामोऱ्या जाण्यासाठी दहा मुली दिवे घेऊन निघतात. पाच शहाण्या, पाच मूर्ख. शहाण्यांनी दिव्याबरोबर भांड्यात वेगळे तेल घेतलेले असते, मूर्खांनी घेतलेले नसते. नवरदेवाला उशीर होतो आणि सगळ्या पेंगून झोपी जातात. मध्यरात्री हाक येते. मूर्खांचे दिवे विझू लागलेले असतात. त्या तेल मागतात, पण शहाण्या म्हणतात की, दोघींना पुरणार नाही, विकणाऱ्यांकडे जाऊन घ्या. त्या जातात तेवढ्यात नवरदेव येतो, तयार असलेल्या त्याच्यासोबत आत जातात आणि दार बंद होते. मागाहून आलेल्यांना आतून उत्तर मिळते की, मी तुम्हांला ओळखत नाही.

मी बाईंना विचारले, शहाण्यांनी थोडे तेल का दिले नाही? घरी दिवाळीत एका पणतीवर दुसरी पणती लावायची सवय असलेल्या मुलीला दुसरा प्रश्न सुचणे शक्य नव्हते. बाई म्हणाल्या, "प्रश्न तेलाचा नाही, जागे राहण्याचा आहे." त्या उत्तराने मी गप्प बसले. आज इतक्या वर्षांनी मला वाटते की बाईंनी नेमके उलटे सांगितले. प्रश्न तेलाचाच आहे, जागे राहण्याचा नाही.

ख्रिस्ताच्या पुनरागमनासाठी तयार कसे असावे, याविषयी ख्रिस्ती परंपरेत जेवढे लिहिले-बोलले गेले त्यातला मोठा भाग मत्तयाच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायाच्या पहिल्या तेरा ओव्यांभोवती फिरतो. त्यातली शेवटची ओवी सांगते की, जागे राहा, कारण दिवस आणि घटका तुम्हांला माहीत नाही. बाईंचा आधार तोच होता. पण गोष्ट पुन्हा वाचावी. झोपल्या कोण? दहाही. शहाण्यांनाही झोप लागली आणि त्याबद्दल त्यांना कोणी बोल लावला नाही. योआखिम येरेमियास या जर्मन अभ्यासकाने दृष्टांतांवरच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात हेच दाखवले, की जागे राहण्याची आज्ञा या गोष्टीच्या अंगाला नीट बसत नाही. ती मागाहून जोडली गेली, हे त्याचे अनुमान मान्य करा किंवा करू नका, विसंगती डोळ्यांआड करता येत नाही. या गोष्टीत शहाणे आणि मूर्ख ठरतात ते झोपेवरून नाही, निघताना काय बरोबर घेतले यावरून.

इथे एक शब्द थोडा उकलून पाहण्यासारखा आहे. मत्तयाने घरातल्या दिव्यासाठी इतरत्र 'लुख्नोस' हा ग्रीक शब्द वापरला आहे. इथे मात्र 'लाम्पास' आहे. येशूला अटक करायला रात्री माणसे येतात त्या प्रसंगी योहानाने हाच शब्द मशालींसाठी योजला आहे. अभ्यासकांत यावर एकमत नाही, तरी लग्नाच्या रात्रीच्या मिरवणुकीला पणतीपेक्षा मशाल अधिक शोभते. मराठी बायबलात आपण 'दिवे' वाचतो आणि डोळ्यांसमोर पणत्या येतात. तसे पाहिले तर या मुलींचे चित्र डोळ्यांपुढे आणायला आपल्याला पॅलेस्टाइनपर्यंत जायची गरज नाही. खंडोबाच्या देवघरातली दिवटी-बुधली आठवावी. दिवटी पेटवायची आणि बुधलीतले तेल तिच्यावर घालत राहायचे. बुधलीशिवाय दिवटी म्हणजे काही क्षणांचा जाळ. गोंधळ्याच्या घरातल्या पोरालाही कळेल की, रात्र काढायची असेल तर बुधली हवी.

म्हणजे मूर्ख मुलींकडे ज्योत नव्हती असे नाही. त्यांची ज्योत इतरांइतकीच चांगली पेटली होती. त्यांनी उशीर धरला नव्हता, एवढेच. नवरदेव लगेच येईल असे मानून त्या निघाल्या. आपण एरवी ज्याला उत्कट श्रद्धा म्हणू ती त्यांच्याजवळच अधिक होती, असे मी म्हटले तर धर्मोपदेशक रागावतील, पण गोष्ट तसे म्हणू देते.

हा उशीर पहिल्या ख्रिस्ती पिढीचा खरा प्रश्न होता. पौलाने थेस्सलनीका येथील मंडळीला लिहिलेले पहिले पत्र साधारण इ. स. ५०च्या सुमाराचे. प्रभू येण्याआधीच आपली काही माणसे मेली, त्यांचे काय, ही तिथल्या लोकांची काळजी त्यात आहे. त्याच मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात कामधंदा सोडून रिकामे फिरणाऱ्यांना खडसावले आहे. पेत्राच्या नावावरील दुसऱ्या पत्रापर्यंत लोक टिंगल करू लागले आहेत की, येणार येणार म्हणता, तो आहे कुठे? या सगळ्यामध्ये दहा कुमारींची गोष्ट ठेवली की तिचा रोख स्पष्ट होतो. तयारी म्हणजे उशिराची तरतूद.

ज्यांनी याच गोष्टीतून तारीख काढली त्यांचे काय झाले, हेही इतिहासात आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातला विल्यम मिलर हा शेतकरी बाप्टिस्ट. दानीएलाच्या पुस्तकातील २३०० दिवस म्हणजे २३०० वर्षे असे धरून त्याने हिशेब मांडला. १८४३-४४चा पहिला अंदाज चुकल्यावर त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस पक्का केला. त्यांच्या एका वृत्तपत्राचे नावच 'मध्यरात्रीची हाक' होते. पहिला अंदाज चुकल्यापासूनचा काळ म्हणजे दृष्टांतातला नवरदेवाचा उशीर, असा त्यांनी अर्थ लावला. काहींनी शेतातले पीक काढले नाही. काहींनी दुकाने बंद केली. पांढरे झगे घालून ते डोंगरावर जाऊन बसले, ही कथा मात्र विरोधकांनी पसरवलेली असावी. १९४४ साली फ्रान्सिस निकल या ॲडव्हेंटिस्ट लेखकाने तिचा पुराव्यांनिशी समाचार घेतला. २३ तारखेची सकाळ उजाडली आणि त्या दिवसाला 'महान निराशा' हे नाव पडले. त्यानंतर त्यांच्यातल्या काहींनी असा सिद्धांत मांडला की, नवरदेव स्वर्गात येऊन गेला आणि जगासाठी दार बंद झाले. मला त्या निराश माणसांची थट्टा करावीशी वाटत नाही. पण त्यांनी दृष्टांतातले घड्याळ घेतले आणि बुधली सोडली, हे म्हटले पाहिजे.

आता तेलाकडे. तेल म्हणजे काय, यावर परंपरेची उत्तरे वेगवेगळी आहेत. ऑगस्टीन म्हणतो, तेल म्हणजे प्रीती. मूर्ख मुली लोकांच्या स्तुतीच्या तेलावर जळत होत्या. झोप म्हणजे मृत्यू, असाही अर्थ तो लावतो, म्हणजे दहाही जणींचे झोपणे सुटते. लूथरच्या परंपरेत तेल म्हणजे विश्वास. ही उत्तरे नीटस आहेत, पण माझ्या शाळेतल्या प्रश्नाला ती भिडत नाहीत. प्रीती असेल तर ती दुसऱ्याला नाकारते कशी?

त्याला भिडतो तो चौथ्या शतकातला योहान ख्रिसोस्तोम, अंत्युखियाचा उपदेशक. मत्तयावरील प्रवचनांत तो म्हणतो की, दिवा म्हणजे कौमार्य, आणि तेल म्हणजे माणुसकी, दानधर्म, गरजवंताला केलेली मदत. मग तेल विकणारे कोण? मंदिराच्या दाराशी बसलेले भिकारी. या कल्पनेने मी पहिल्यांदा वाचताना पुस्तक मिटून ठेवले होते. तेलाचे दुकान गरिबांकडे आहे. द्यायला गेले की तेल मिळते. म्हणजे शहाण्यांकडचे तेल हा त्यांनी साठवून ठेवलेला माल नव्हता, आधीच देऊन टाकलेली गोष्ट होती. तुम्ही आयुष्यभर जे दिलेत ते मध्यरात्री मला उसने कसे देणार? ज्योत एका दिव्यावरून दुसऱ्यावर लावता येते, आणि माझी बालपणीची पणती तेवढ्यापुरती खरी होती. देणे मात्र ज्याचे त्याने केलेले असावे लागते. शहाण्यांचा नकार कंजूषपणाचा राहत नाही, हतबलतेचा होतो. कौमार्यासारखे कडक व्रत पाळूनही माणुसकी नसेल तर दार उघडत नाही, हा संन्यस्तांना दिलेला टोलाही त्यात आहे.

मूळ कथेत हे सगळे आहे का? नाही. रूपक ताणले आहे हे उघड आहे. पण मत्तयाने हा दृष्टांत ज्या अध्यायात ठेवला त्याच्या शेवटी न्यायाचा प्रसंग येतो आणि तिथे कसोटी हीच आहे: भुकेल्याला खायला घातले का, उघड्याला पांघरले का, तुरुंगातल्याला भेटायला गेलात का. ख्रिसोस्तोमने अध्यायाचा शेवट सुरुवातीत आणून वाचला, आणि समीक्षेच्या दृष्टीने ते चुकीचे नाही.

तरी दार उरतेच. तेलाचा प्रश्न सुटला म्हणून दाराचा सुटत नाही.

१३२१ साली जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतात, आयझेनाख गावी, दहा कुमारींचे नाटक झाले. प्रेक्षकांत प्रांताधिपती फ्रेडरिक होता. नाटकात मूर्ख मुली दाराबाहेर रडतात, मरिया स्वतः त्यांच्यासाठी गुडघे टेकून विनवणी करते, आणि ख्रिस्त तिचेही ऐकत नाही. फ्रेडरिक संतापून उठला. देवाच्या आईची रदबदली चालत नसेल तर ख्रिस्ती धर्म म्हणजे आहे तरी काय, असा त्याचा सवाल होता, असे इतिवृत्तकार नोंदवतात. काही दिवस तो त्याच संतापात राहिला, मग त्याला पक्षाघात झाला, आणि १३२३ मध्ये तो वारला. नाटकाने माणूस मेला की नाही हे वैद्यकाने ठरवावे. माझ्या लेखी तो या दृष्टांताचा सर्वांत प्रामाणिक प्रेक्षक आहे. त्याने गोष्ट खरी मानली, म्हणून त्याला ती सोसली नाही.

त्याच्याही आधी, १२५०च्या सुमारास, माग्देबुर्गच्या कॅथेड्रलमध्ये या दहा मुलींची शिल्पे घडवली गेली. मी ती छायाचित्रांतूनच पाहिली आहेत. शहाण्या हसतात, आणि त्यांचे हसू सारखेसारखेच आहे. मूर्खांतली एक छाती पिटते आहे, एकीने कपाळावर हात मारला आहे, तोंडे वेडीवाकडी झाली आहेत. शिल्पकाराचा जीव कोणात गुंतला हे सांगायला नको.

त्याच आयझेनाखात १६८५ साली योहान सेबास्टियन बाख जन्मला. २५ नोव्हेंबर १७३१ रोजी लाइप्झिगमध्ये या दृष्टांतावरची त्याची कांताता प्रथम गायली गेली. ट्रिनिटीनंतरच्या सत्ताविसाव्या रविवारसाठी ती होती, आणि ईस्टर फार लवकर आला तरच तो रविवार येतो. तिचा आधार फिलिप निकोलाई या धर्मगुरूचे १५९९ साली छापलेले स्तोत्र. मध्यरात्री पहारेकऱ्यांची हाक, शहाण्या मुलींची लगबग, मग आत्मा आणि ख्रिस्त यांची प्रेमिकांसारखी युगलगीते, शेवटी नगरातला आनंद. संगीताबद्दल मी बोलू नये इतके ते मोठे आहे. पण शब्द वाचताना ध्यानात येते की मूर्ख मुली यात नाहीतच. दार बंद झाल्याचा आवाज नाही. निकोलाईने अर्धी गोष्ट गाळली.

ही पळवाट आहे, असे मी पूर्वी एका व्याख्यानात म्हटले होते. आता इतक्या ठामपणे म्हणणार नाही. निकोलाई उन्ना गावात होता तेव्हा, १५९७-९८ मध्ये, तिथे प्लेगने हजाराहून अधिक माणसे नेली. त्याच्या घरातून दफनभूमी दिसत असे. दारे बंद होताना त्याने रोज पाहिली होती. अशा माणसाने उघड्या दाराचेच गाणे लिहिले तर त्याला पळवाट म्हणण्याचा अधिकार मला नाही.

निकोस काझान्त्झाकिस मात्र वेगळे करतो. 'द लास्ट टेम्प्टेशन' या कादंबरीत त्याचा येशू हा दृष्टांत सांगताना शेवट बदलतो: नवरदेव दार उघडायला लावतो आणि मूर्ख मुलींनाही आत घेतो. फ्रेडरिकला हे आवडले असते. मला आवडत नाही. त्यात दया आहे, पण मग उशिराला आणि तेलाला अर्थ उरत नाही. ज्यांनी रात्रभराची तरतूद केली त्यांची तरतूद हा निव्वळ भाबडेपणा ठरतो.

तरतुदीचा विचार करताना मला केडगाव आठवते. १९०५ साली पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात मोठे धार्मिक पुनरुज्जीवन झाले. मुली तासन्‌तास प्रार्थनेत रडत, पापांची कबुली देत. ख्रिस्त लवकरच येणार, ही भावना त्या काळच्या अशा चळवळींत सर्वत्र होती. पण त्याच सदनात विहिरी खणल्या गेल्या होत्या, शेती होती, विणकाम होते, तेलाचा घाणा चालत होता, छापखाना होता, आणि रमाबाई हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर करीत होत्या. १९२२ साली त्या वारल्या, तोवर ते काम त्यांच्या हातून सुटले नाही. उद्या जग संपणार असे मानणारा माणूस सहसा व्याकरण शिकायला बसत नाही. दुष्काळातून आणलेल्या मुलींना रोज जेवायला लागते, हे ज्या घराला ठाऊक होते त्या घराला उशीर म्हणजे काय ते कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तरीही मत्तयाच्या त्या अध्यायाच्या शेवटाकडे एकदा परत जावे लागते. न्यायाच्या प्रसंगी उजवीकडच्यांना सांगितले जाते की, तुम्ही मला खायला घातलेत, आणि ते गोंधळून विचारतात, कधी बरे? डावीकडचेही तेच विचारतात. तयार कोण होते हे तयार असलेल्यांनाही माहीत नव्हते. दृष्टांतातल्या शहाण्या मुलींना आपली बुधली भरलेली आहे हे निदान पक्के ठाऊक होते. इथे तीही खूण राहिलेली नाही. मत्तयाने ही दोन चित्रे एकाच अध्यायात शेजारी ठेवली आणि त्यांचा मेळ घातला नाही. शाळेतल्या बाई आज भेटल्या तर मी त्यांना तेलाचे विचारणार नाही. अध्याय शेवटपर्यंत का वाचून दाखवला नाही, हे विचारीन.