उतरवले, चढवले

फ्लाइंग क्लबच्या सामाईक विमानाची इंजिन-नोंदवही हाती आली की मी ती कवितेसारखी सावकाश वाचतो. नोंदी इंग्रजीत असतात, मनात त्यांचं मराठी होत जातं; आणि आमच्या लातूर-नांदेडकडची सामाईक विहीर आठवते. वाटेकरी चार, पाळ्या ठरलेल्या, मोटार एकच. ती जळाली की भरून आणायची वर्गणी सगळ्यांची आणि कुणाच्या पाळीत जळाली हा तंटा वर्षभर. विमानाच्या वहीत या तंट्याला जागाच नाही. क्लबांच्या विमानांतून मोठी माणसंही उडाली: मुंबई फ्लाइंग क्लब १९२८चा. १९२९ साली वैमानिकाचा परवाना मिळवणारे जे. आर. डी. टाटा तिथेच शिकले. पण इंजिन कुणालाच ओळखत नाही, ते फक्त तास मोजतं.

सेस्ना १५२चं लायकमिंग इंजिन चार सिलिंडरचं, ११० अश्वशक्तीचं. ओव्हरहॉलपर्यंत उत्पादकाने दिलेली मुदत २,४०० तास. वहीचा सगळा रस या मुदतीकडे सरकणाऱ्या पानांत आहे. तपासणीत प्रत्येक सिलिंडरला ८० पौंड दाबाची हवा देतात आणि किती टिकली ते लिहितात. ७६/८०, ७४/८०. मग कधी तरी तिसऱ्यापुढे ५८ येतो. सोबत एकही विशेषण नाही, तरी वाचणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो. पुढे तेलाचा फिल्टर कापून उघडल्याची नोंद: कागदाच्या घडीत धातूचा कण, 'चुंबकाला चिकटला'. म्हणजे पोलाद. आत काहीतरी झिजतंय, हे या दोन शब्दांत कळतं.

मग ती ओळ येते. 'इंजिन उतरवले. इंजिन चढवले.' क्रियापदं दोन, कर्ता नाही. कर्ता खाली सहीत आणि परवाना क्रमांकात उभा आहे, आणि उद्या पाळी असलेला प्रत्येक जण त्या सहीच्या भरवशावर उडणार आहे. सांगाड्याचे तास पुढे चालू राहतात, नव्या इंजिनाची वही शून्यापासून उघडते. एकाच विमानाला दोन वयं.

त्यानंतरची पानं मला सर्वांत प्रिय. नवा ट्रॅक्टर आपण जपून, हळू चालवतो. इथे उलटं: नव्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला नीट बसाव्यात म्हणून इंजिन दमदार चालवायचं, पाऊणएक शक्तीवर, आणि आत साधं खनिज तेल. पन्नास तास, किंवा तेलाचा खप स्थिरावेपर्यंत. त्यात लातूर नांदेडपेक्षा उंच, आणि मे महिन्यात दुपारची हवा आणखी विरळ होते, इंजिनाचा दम कमी पडतो आणि ते तापतंही लवकर. आमच्या माळावर हे काम पहाटेचंच.

या दिवसांत प्रत्येक उड्डाणानंतर तेलकांडी पुसून पाहायची आणि लिहायचं. 'एक क्वार्ट घातले.' 'एक क्वार्ट घातले.' 'अर्धा.' मग एका सकाळी, त्याच अक्षरात: 'घातले नाही.'